ब्लेंडरमध्ये ३० मि.मी. एडन तोफ : ड्रम उलटा का फिरतोय?

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. दिवसा हायड्रॉलिक व्हॉल्व्हची ड्रॉइंगं आणि रात्री जेवणं झाली की ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विमानांच्या तोफा, असं सध्या चाललंय. घरच्यांच्या मते दोन्हीकडं नळ्याच, मग वेगळं काय करतोस.

या वेळी घेतलीय एडन. हंटर, नॅट, मारुत या तिन्ही विमानांत हीच ३० मि.मी. तोफ होती, आणि आपल्या हवाई दलाच्या जग्वारमध्येही हीच. म्हणजे आपल्याकडं एवढा दीर्घ संसार केलेली दुसरी विमानी तोफ सापडणं कठीण. तरी नेटवर तिची जी मॉडेलं मिळतात ती सगळी वरवरची. लांब नळी, मागं एक डबा, वर करडा रंग, झालं. आत काही नाही. मला आतलंच हवं होतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत माऊझर कंपनी एमजी २१३ नावाच्या तोफेवर काम करत होती. युद्ध संपलं आणि तिची कागदपत्रं, नमुने जेत्यांच्या हाती लागले. त्यातून ब्रिटिशांनी एडन केली, फ्रेंचांनी डेफा, अमेरिकनांनी २० मि.मी.ची एम-३९. एडन हे नाव ज्या संस्थेत आराखडा झाला तिच्या आद्याक्षरांतून आणि एनफिल्डमधून आलंय, अरबस्तानातल्या बंदराशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यांचं मर्म एकच : पाच घरांचा फिरता ड्रम. साध्या स्वयंचलित तोफेत एकच चेंबर असतं. काडतूस आत घ्या, कुलूप लावा, उडवा, रिकामं केस ओढून काढा, बाहेर फेका, मग पुढचं घ्या. सगळी कामं एकाच जागी, एकामागून एक. ड्रम आला की कामं वाटली जातात. एका घरात काडतूस शिरत असतं, एक घर नळीसमोर उभं असतं, एकातून रिकामं केस निघत असतं. आपल्याकडं टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या इंडेक्सिंग टेबलवर एकाच वेळी एका स्टेशनला ड्रिल, दुसऱ्याला टॅप, तिसऱ्याला अनलोड चालतं तसंच. म्हणून मिनिटाला १२०० आणि त्याहून जास्त फैरी निघतात.

मापं अशी : एकूण लांबी १.५९ मीटर, त्यात नळीच १.०८ मीटर. वजन ८७ किलो. नळी वजा केली तर ड्रम, स्लाइड (मागं-पुढं सरकून ड्रम फिरवणारा भाग), फीड (काडतुसं आत येण्याचा मार्ग), स्प्रिंगा हा सगळा कारभार साधारण अर्ध्या मीटरात बसवलाय. मॉडेल करताना एनफिल्डच्या लोकांना मनोमन नमस्कार घातला.

आता अडचण. स्लाइडला की-फ्रेम (कुठल्या क्षणी कुठं असायचं याच्या खुणा) दिल्या, ड्रम ड्रायव्हरनं, म्हणजे एका भागाच्या हालचालीवर दुसरा चालवणाऱ्या सूत्रानं, स्लाइडला जोडला. स्लाइड एकदा मागं जाऊन पुढं आली की ड्रम एक घर, म्हणजे ७२ अंश, पुढं सरकतो. खऱ्या वेगानं, म्हणजे सेकंदाला २० फैरी धरून, सेकंदाला २४ फ्रेमवर रेंडर केलं, म्हणजे व्हिडिओ काढला. व्हिडिओत ड्रम उलटा फिरतोय, तोही निवांत. हळू करून बघितलं तर बरोबर सुलटा. ड्रायव्हर तीन जणांना दाखवला, कुणालाच त्यात खोट सापडली नाही. काय भानगड आहे?

---

मास्तर खानापूर

ड्रायव्हरला हात लावू नका, तो निर्दोष आहे.

हिशेब करा. सेकंदाला २० टप्पे, प्रत्येकी ७२ अंश, म्हणजे सेकंदाला १४४० अंश. २४ फ्रेममध्ये वाटले तर फ्रेममागे ६० अंश. आता तुमच्या ड्रमची पाचही घरं दिसायला सारखी. ड्रम ६० अंश पुढं गेला काय आणि १२ अंश मागं आला काय, डोळ्याला चित्र तेच दिसतं. डोळा जवळचं उत्तर निवडतो, १२ अंश मागं. सेकंदाला २८८ अंश, म्हणजे एका सेकंदात पूर्ण फेरीसुद्धा नाही. तुम्ही ‘निवांत’ म्हणालात ते यामुळंच.

३० फ्रेमवर केलंत तर फ्रेममागे ४८ अंश, म्हणजे २४ अंश मागं. अजून जोरात उलटा. पटत नसेल तर करून बघा.

---

निपाणीकर

जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात तेच की हे. मास्तरांनी त्याची वहीत मांडणी करून दिली. आमच्या वेळी असे मास्तर का नव्हते 😄

---

मास्तर खानापूर

होते हो. तुम्ही मागच्या बाकावर होता.

ड्राफ्ट्समन, एक सोपी युक्ती सांगतो. पाचातल्या एका घराच्या कडेला लाल रंगाची रेघ मारा. मग पाचही घरं सारखी राहणार नाहीत आणि फसवाफसवी संपेल. ६० अंशांनी रेघ सहा फ्रेममध्ये बरोबर एक फेरी पुरी करताना दिसेल, आणि सुलटी दिसेल.

दुसरी गोष्ट. तुम्ही ड्रम एकसारख्या गतीनं फिरवलाय का? व्हिडिओवरून तसं वाटतंय. गोळी सुटते त्या क्षणी घर नळीसमोर स्थिर उभं हवं. स्लाइडमधल्या खाचेचा काही भाग सरळ असतो तो त्यासाठीच. त्या सरळ भागात ड्रम थांबतो, तिरक्या भागात वळतो.

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

मास्तर, साष्टांग. लाल रेघ मारली, सुतासारखा सरळ झाला.

खाचेचं सांगितलंत तेही खरं. खाच मी काढलीय, पण ड्रम तिच्यावरून चालवला नव्हता, सरळ गुणोत्तर लावलं होतं. आता ड्रमवरचा रोलर खाचेतूनच चालवायलोय. थांबा-वळा-थांबा ही चाल आली की यंत्र जिवंत झाल्यासारखं वाटतं. दाखवायला एक हळू आवृत्तीही करतोय, सेकंदाला एकच फैरी, म्हणजे एका टप्प्याला २४ फ्रेम.

---

भट्टीवाला

भावा मॉडेल बघितलं. काम झकास. पण ड्रमवर आणि मागच्या बॉडीवर जो दाणेदार पोत दिलायस तो काढ. ती वाळूत ओतलेल्या मालाची कातडी आहे. आमच्याकडं पंपाची बॉडी फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) करून आली की अशी दिसते. त्या ड्रमच्या प्रत्येक घरात सेकंदाला चार वेळा स्फोट होणार, तिथं कुणी कास्टिंग ठेवेल का? घडाईचं पोलाद, त्यावर मशीनिंग. म्हणजे लेथच्या गोल बारीक रेघा, मिलिंग झालं तिथं कटरच्या चाली, आणि कोपऱ्यांना व्यवस्थित चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड.

अजून एक. तुझ्या सगळ्या कडा एकसारख्या घासलेल्या आहेत. खऱ्या मालावर जिथं हात लागतो, पाना लागतो, घासून काही सरकतं तिथंच झिजतं. फीडच्या तोंडाशी चकाकी पाहिजे, नळीच्या मधल्या भागाला नको. सॉफ्टवेअरचं ते एक बटण दाबलं की सगळीकडं सारखी झीज येते, ते लगेच ओळखू येतंय.

(सेकंदाला चार वेळा म्हणजे २० भागिले ५. मास्तर, बरोबर ना?)

---

मास्तर खानापूर

बरोबर. ड्रमची सरासरी गती मिनिटाला २४० फेरे. ऐकायला काहीच नाही वाटत, पण दर टप्प्याला थांबून पुन्हा पळायचं आहे. सगळा त्रास त्या थांबण्यात आहे.

---

गेमवाली गणेशपूर

मी गेमसाठी मॉडेलं करते, तेव्हा थोडं परखड बोलते. हे सीएडीतून (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून) आणलेलं आहे हे वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलच्या त्रिकोणांची जाळी, बघूनच कळतं. सपाट भागात शेकडो त्रिकोण आणि जिथं वळण आहे तिथं कंजुषी. स्क्रूच्या डोक्यातली खाचसुद्धा खऱ्या भूमितीत. नॉर्मल मॅप (सपाट भागावर खाचा-उंचवट्यांचा भास देणारं चित्र) कशासाठी असतो? हाय पॉली (भरपूर त्रिकोणांचं) ठेव, त्यावरून लो पॉली (कमी त्रिकोणांचं) कर, बारकावे त्या चित्रात उतरव, म्हणजे बेक कर. साध्या लॅपटॉपवर उघडलं पाहिजे ना?

आणि प्रामाणिक प्रश्न. ड्रमच्या आतली घरं, गॅसचा पिस्टन, रोलर हे सगळं झाकणाखाली जाणार. मग बघणार कोण?

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

ताई, बेकिंगचं मान्य. कॉलेजच्या प्रदर्शनात टचस्क्रीनवर चालवायचंय, तिथला पीसी काय दर्जाचा असेल देव जाणे. लो पॉली करावंच लागणार.

पण ‘बघणार कोण’ हे नाही पटत. झाकण काढता येणारच आहे, अर्धा काप दाखवणार आहे. आणि तसं नसतं तरी आतलं केलंच असतं. कारण बाहेरचा आकार आतून येतो. मागच्या बॉडीला एका बाजूला फुगवटा का, हे फोटो बघून कळत नव्हतं. फीडचा मार्ग आत बसवला तेव्हा कळलं की काडतूस पट्ट्यातून ड्रमच्या घराकडं जाताना तेवढी जागा लागतेच. ज्यांनी फक्त बाहेरून उतरवलंय त्यांच्या मॉडेलमध्ये तो फुगवटा चुकीच्या जागी आहे. तीन मॉडेलं बघितली, तिन्हीत. एकानं दुसऱ्याचं बघून केलंय, उघड आहे.

---

गेमवाली गणेशपूर

हे पटलं. फुगवट्याचा मुद्दा चांगला आहे.

पट्टा कसा केलास? अॅरे आणि कर्व्ह मॉडिफायर (एकच वस्तू ओळीनं मांडून वळणावर बसवणारी सोय) असेल तर आताच सांगते, वळणावर काडतुसं वाकतात. धातूचं काडतूस वाकलेलं दिसलं की सगळी मेहनत पाण्यात.

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

आधी तसाच होता आणि वाकतच होती. आता जॉमेट्री नोड्सनं कर्व्हवर बिंदू टाकून प्रत्येक बिंदूवर अख्खं काडतूस ठेवलंय, दिशा फक्त वळते. पण लिंक अडल्यात. दोन काडतुसांना धरणारी लिंक दोघांच्या मधल्या कोनात बसायला हवी, ती एकालाच चिकटून फिरते.

---

गेमवाली गणेशपूर

लिंकसाठी वेगळा बिंदूसंच घे, अर्ध्या अंतरानं सरकवलेला. दिशा शेजारच्या दोन काडतुसांच्या सरासरीवरून. झालं.

---

हंटरवाले काका

नमस्कार. मी हवाई दलात आर्मामेंटला, म्हणजे विमानांवरच्या शस्त्रांच्या कामाला, होतो. बेळगावजवळ सांब्र्याला ट्रेनिंग, मग हंटरच्या शेवटच्या वर्षांत त्यावर काम. हा धागा नातवानं वाचून दाखवला, मग चष्मा लावून स्वतः वाचला.

मुलानं मेहनत घेतली आहे. काही गोष्टी सांगतो, उपयोग झाला तर बघ.

हंटरमध्ये चार तोफा नाकाखाली, एका पॅकमध्ये. पॅक म्हणजे तोफा आणि दारूगोळ्याच्या पेट्या एकत्र. नळ्या मात्र विमानातच राहायच्या. विमान उतरलं की रिकामा पॅक खाली घ्यायचा, भरलेला वर चढवायचा. सराव असलेल्या टोळीला काही मिनिटांचं काम. तेव्हा तुझ्या मॉडेलमध्ये नळी आणि मागचा भाग जिथं जुळतात तो सांधा नीट दाखव. तो सांधा नसता तर ही सगळी सोय झालीच नसती.

रिकामी केसं विमानाबाहेर पडायची. लिंक मात्र बाहेर सोडत नसत, पोटाखालच्या दोन फुगवट्यांत गोळा व्हायच्या. त्या फुगवट्यांना इंग्रज लोकांनी त्यांच्या एका नटीचं नाव दिलं होतं. का ते विचारू नका, इथं लेकीसुना वाचतात.

काडतूस विजेनं पेटायचं, हातोडीच्या ठोक्यानं नाही. तुझ्या मॉडेलमध्ये मागे एक पिनेसारखं दिसतंय, ती फायरिंग पिन समजून केली असशील तर तसं नाही. तिथं विजेचा संपर्क आहे, आणि तिथपर्यंत वायर आली पाहिजे. वायर कुठं दिसली नाही.

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

काका, नमस्कार करतो. पिन नाही, संपर्कच केलाय, पण वायर नव्हती. काढतो. ती कुठून आत येते? तेवढं सांगितलंत तर बरं होईल.

---

हंटरवाले काका

कागदावर काढून नातवाकरवी फोटो पाठवतो. लिहून सांगण्यासारखं नाही ते.

---

पायलट व्हायचं राहिलेला

काका, एक विचारायचं होतं. तोफा चालवल्या की इंजिन बंद पडायचं असं वाचलंय, खरं का?

---

हंटरवाले काका

ते सुरुवातीच्या हंटरचं, इंग्लंडमधलं. पहिल्या एव्हॉन इंजिनांत उंचीवर तोफांचा गॅस आत ओढला गेला की इंजिन सर्ज व्हायचं, म्हणजे आतला हवेचा प्रवाह बिघडून ते अडखळायचं. सॅफायर इंजिनाच्या हंटरला तो त्रास नव्हता. आपल्याकडं आलेली विमानं पुढची, तोवर तो रोग बरा झाला होता. दुसरा त्रास असा की चारी तोफा नाकाखाली, त्यामुळं फैर झाडली की नाक खाली दबायचं. नळ्यांच्या तोंडाशी गॅसचा झोत वळवणारे डिफ्लेक्टर लावले ते त्यासाठी. मुला, हंटरची तोफ म्हणून दाखवणार असशील तर ते लाव. नॅटची असेल तर नको.

---

निपाणीकर

मग नॅटचीच दाखव की. १९७१ ला श्रीनगरवर १४ डिसेंबरला निर्मलजितसिंग सेखों एकटे पाकिस्तानच्या सेबर विमानांना भिडले ते नॅटमध्ये. हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र. एवढासा जीव, पंखांची लांबी पावणेसात मीटरसुद्धा नाही, आणि त्यात दोन एडन!

---

पायलट व्हायचं राहिलेला

नॅटमध्ये तोफेमागे ११५ गोळे. मिनिटाला १२०० धरले तर पावणेसहा सेकंदांत पेटी रिकामी. म्हणजे वैमानिकाकडं एका उड्डाणात तेवढेच सेकंद. त्यात नॅटच्या तोफा अडकायच्या ही तक्रार तर १९६५ पासूनची.

---

भट्टीवाला

नॅट नको, मारुत घे. आपल्या राज्यात बनलेलं विमान. बेंगळुरूला एचएएलमध्ये, १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण. नाकात चार एडन, तोफेमागे १२० गोळे. कर्नाटकातल्या प्रदर्शनात कर्नाटकातलं विमान.

---

येळ्ळूरचा पैलवान

आपल्या राज्यात म्हणजे कुणाच्या राज्यात? 🙂

---

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, भरपूर आहेत आणि गरमही आहेत. इथं फक्त तोफ.

---

मास्तर खानापूर

मारुतची एक गंमत तोफेशीच निगडित आहे, म्हणून सांगतो. मारुतचे आरेखक कुर्ट टँक, फॉके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे आरेखक. एडनचं मूळ माऊझरमध्ये. म्हणजे जर्मन माणूस बेंगळुरूला येऊन विमान काढतो आणि त्याच्या नाकात बसते ती जर्मन बीजाची तोफ, मात्र एनफिल्डहून फिरून आलेली. युद्ध हरलेल्यांचं काम कुठं कुठं जाऊन पोचलं बघा. बेंगळुरूला कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात मारुत ठेवलेलं आहे. शाळेच्या सहली नेतो तेव्हा पोरं डायनासोरकडं पळतात, मी मारुतपाशी थांबतो.

---

भट्टीवाला

मास्तर, भारी.

ड्राफ्ट्समन, प्रदर्शनाला खरी वाटेल अशी पाहिजे असेल तर ड्रम एसजी आयर्नमध्ये (ओतीव लोखंडाचा एक प्रकार) ओतून देऊ का? पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, तुझ्या फाइलवरून करू. वजन हातात आलं की पब्लिक गार.

---

हंटरवाले काका

असला उद्योग गमतीतसुद्धा करू नका. तोफेचा भाग धातूत बनवून ठेवला आणि उद्या कुणी पोलिसांना कळवलं तर ‘प्रदर्शनासाठी’ हे उत्तर चालणार नाही. प्लॅस्टिकमध्ये छापा, एकसंध, नळी भरीव, आतलं काही हलणारं नको. हलणारं सगळं पडद्यावर बघा.

---

भट्टीवाला

काका, गंमत केली. कान पकडले.

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

काकांचंच खरं. फाइलही देणार नाही कुणाला, दोघा-तिघांनी खाजगीत मागितलीय त्यांनी राग मानू नये. रेंडर आणि अॅनिमेशन सगळ्यांसाठी खुलं, बाकी माझ्याकडं.

विमानाचं ठरलं : हंटर. कारण सरळ आहे, तो पॅक. प्रदर्शनाला येणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांना लढाईपेक्षा हा पॅक दाखवायचाय. तोफ नीट चालणं ही अर्धी गोष्ट झाली. दहा मिनिटांच्या आत विमान पुन्हा धावपट्टीवर पाठवायचं तर देखभाल करणाऱ्यांचे हात कुठं पोचतील हे आरेखकानं आधीच ठरवलेलं असतं. आमच्याकडं व्हॉल्व्ह असे काढतात की सील बदलायला अख्खं मशीन उघडावं लागतं. ते काढणारे इथं वाचतायत, त्यांना उद्देशूनच बोलतोय.

तर क्रम असा ठेवतोय. आधी पॅक खाली येतो, पेट्या दिसतात. मग एक तोफ बाजूला येते, झाकण जातं, अर्धा काप. मग सेकंदाला एक फैरी या गतीनं ड्रम, रोलर, स्लाइड, गॅसचा पिस्टन. शेवटी खरी गती, लाल रेघेसकट.

---

गेमवाली गणेशपूर

खऱ्या गतीला मोशन ब्लर (हालचालीचा पुसटपणा) लाव, अर्ध्या फ्रेमचा. नाहीतर ड्रम फिरताना न दिसता उड्या मारताना दिसेल. आणि आवाज? सेकंदाला २० ठोके वेगवेगळे ऐकू येत नाहीत, एकच घरघर होते. गल्लीतल्या फटाक्यांचा आवाज लावू नकोस म्हणजे मिळवली.

---

हंटरवाले काका

घरघर नव्हे, कापड फाटल्यासारखं. चारी एकदम असल्या तर छातीत लागतं.

कागद काढून ठेवला आहे. नातू धारवाडहून शनिवारी येईल, मग फोटो टाकेल. वायर डाव्या अंगानं दाखवली आहे, तोफेच्या मागे उभं राहून डावं. समोरून बघून उजवं करू नकोस.

---

उद्यमबागचा ड्राफ्ट्समन

मागून डावं, लिहून घेतलं. शनिवारपर्यंत लो पॉली उरकतो. पॅकच्या पेट्यांना झाकणं बिजागरीची की खिट्टीची, तेवढंही त्याच कागदावर काढाल का काका?